मदत हवी आहे : पहिल्या क्रूझ सहलीच्या आधीच जीव घाबरा होतो आहे

निळीरेघ
नमस्कार. नऊ दिवसांनी आम्ही पहिल्यांदाच क्रूझने जाणार आहोत आणि गेला आठवडाभर मला धड झोप लागलेली नाही. रात्री दोन-अडीचच्या सुमारास दचकून जाग येते, छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि मग उजाडेपर्यंत मी कूस बदलत पडून राहते. दिवसा कामाच्या गडबडीत विसर पडतो, पण कोपऱ्यात उघडी ठेवलेली बॅग दिसली की पोटात पुन्हा गोळा येतो. पैसे भरून झाले आहेत आणि सहल रद्द करायची नाही, त्यामुळे ‘जाऊ नका’ हा सल्ला कृपया देऊ नये. ज्यांना पहिल्या वेळी असेच झाले होते त्यांनी नेमके काय केले, एवढेच मला हवे आहे. उत्तर लवकर मिळाले तर फार बरे होईल.

गलबतवाट
तुमची अवस्था समजू शकतो, परंतु एवढ्या माहितीवर कोणी काही सांगू शकेल असे वाटत नाही. सहल किती दिवसांची आहे, त्यात किनारा न लागता सलग किती दिवस जातात, खोली जहाजाच्या कोणत्या भागात आहे, सोबत कोण आहे आणि तुम्हाला बोट लागते का, हे आधी लिहा. भीती बोट लागण्याची आहे, बुडण्याची आहे की अनोळखी गर्दीची, हेही सांगा, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पाचवाफेरा
माझ्या आजवर पाच क्रूझ झाल्या आहेत आणि माझे मत स्पष्ट आहे : बाल्कनीची खोली घ्या आणि तीही शक्य तितक्या वरच्या मजल्यावर. मोकळी हवा मिळाली की निम्मी भीती तिथेच संपते. आजची जहाजे इतकी प्रचंड असतात की आपण समुद्रावर आहोत हे कळतसुद्धा नाही, तेव्हा गोळ्या वगैरे घेण्याची काही गरज नाही.

दर्यादिशा
मालवाहू जहाजांवर अनेक वर्षे नोकरी केलेली असल्यामुळे वरच्या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. जहाज लाटांवर हलते तेव्हा ते साधारणपणे स्वतःच्या मध्याभोवती झुलते, त्यामुळे मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. वर जावे तसे, आणि नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे किंवा मागच्या टोकाकडे जावे तशी, ती वाढत जाते. प्रवासी जहाजांना दोन्ही अंगांनी पाण्याखाली पंखांसारखी पाती बसवलेली असतात आणि त्यांच्यामुळे डावी-उजवीकडचे डोलणे पुष्कळ कमी होते हे खरे आहे. मात्र समोरून लाट आल्यावर नाळ जी वर-खाली होते, ती या पात्यांनी फारशी थांबत नाही. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूची बाल्कनी घेतली, तर उसळलेल्या समुद्रात सर्वांत जास्त झोके तिथेच बसतील.

पाचवाफेरा
मालवाहू जहाज आणि प्रवासी जहाज यांची तुलना होत नाही. पाच प्रवासांत मला एकदाही मळमळले नाही, आणि मी प्रत्येक वेळी वरच्याच मजल्यावर होतो.

दर्यादिशा
तुम्हाला मळमळले नाही ही तुमच्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची कृपा आहे. त्यावरून दुसऱ्याच्या शरीराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ते पाचही प्रवास कोणत्या ऋतूत आणि कोणत्या समुद्रावर झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही.

निळीरेघ
सात रात्री आहेत, त्यांतले दोन दिवस पूर्ण समुद्रात. सोबत फक्त आई आहे. खोली आतली, म्हणजे खिडकी नसलेली, चौथ्या मजल्यावर, पुढच्या बाजूला आहे आणि आता बदलून मिळणार नाही असे सांगण्यात आले आहे. बोट लागते की नाही ते माहीत नाही, बस कधी लागलेली नाही. पण मी खोलीबद्दल विचारले नव्हते, भीतीबद्दल विचारले होते. कृपया त्यावर लिहा.

खिडकीपाशी
सर्वांत सोपा उपाय सांगते. कानामागे चिकटवायची औषधाची पट्टी मिळते, ती तुम्ही दोघींनी लावा आणि निश्चिंत व्हा. एक पट्टी तीन दिवस पुरते. मी ती निघण्याच्या आदल्या रात्री लावते आणि मला प्रवासात कधी त्रास झालेला नाही.

औषधपेटी
कृपया थांबा. त्या पट्टीत स्कोपोलामीन असते आणि ते सर्वांना चालणारे औषध नाही. आईंचे वय काय आहे, त्यांना डोळ्यांचा किंवा लघवीचा काही त्रास आहे का, आणि तुम्ही दोघी सध्या कोणकोणती औषधे घेता, हे कळल्याशिवाय कोणीही ती सुचवू नये.

निळीरेघ
आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला काचबिंदू आहे, रात्री थेंब घालते. ती पट्टी मी कालच मागवली आहे. मी स्वतः काही घेत नाही.

औषधपेटी
मग ती पट्टी आईंना मुळीच लावू नका. काचबिंदूच्या ज्या प्रकारात डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याचा कोन अरुंद असतो, त्यात या औषधाने डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो. आईंचा प्रकार कोणता आहे, हे त्यांच्या नेत्रतज्ज्ञांनाच ठाऊक असेल. शिवाय उतारवयात त्याने तोंड कोरडे पडणे, गुंगी येणे, लघवी अडणे आणि क्वचित भ्रम होणे असेही प्रकार होतात. बोट लागू नये म्हणून ज्या जुन्या गोळ्या दिल्या जातात, उदाहरणार्थ मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट, त्यांचाही डोळ्याच्या दाबाशी संबंध येऊ शकतो, म्हणून त्या ‘साध्याच तर आहेत’ असे समजून परस्पर देऊ नयेत. डॉक्टरांनी एखादे औषध सांगितलेच, तर ते मळमळ सुरू होण्याच्या आधी घ्यायचे असते. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

औषधाशिवाय करण्यासारख्याही पुष्कळ गोष्टी आहेत. डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात, कान मात्र आपण हलतो आहोत असे सांगतो, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. अशा वेळी बंद खोलीत पुस्तक किंवा मोबाइल घेऊन बसण्याऐवजी जहाजाच्या मध्यभागी उघड्या डेकवर यावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. पोट अगदी रिकामेही नसावे आणि तुडुंब भरलेलेही नसावे.

खिडकीपाशी
काचबिंदूचे मला माहीत नव्हते. माझा सल्ला मी मागे घेते. लिहिण्याआधी विचारायला हवे होते.

वहीचेपान
कोणी स्वच्छतेबद्दल लिहिलेले नाही म्हणून लिहितो. जहाजावर नोरोव्हायरसमुळे जुलाब-उलट्यांची साथ पसरू शकते आणि केवळ सॅनिटायझर चोळून तो विषाणू नीट जात नाही, म्हणून जेवणाआधी साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत. तसेच मोठ्या बॅगा चढताना ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात, म्हणून पासपोर्ट, सर्व औषधे, डोळ्यांचे थेंब आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल उपग्रहाच्या महागड्या जाळ्याला जोडला जातो, तेव्हा तो विमान मोडवर टाकायला विसरू नये.

निळीरेघ
थेंब हातातल्या पिशवीत ठेवण्याचे चांगले सांगितलेत, मी ते मोठ्या बॅगेत भरले होते. पण साथीचे वाचून रात्रीच्या यादीत आणखी एक भर पडली. माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

दीपस्तंभ
निळीरेघ, तुम्हाला एक प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर थोडा वेळ घेऊन द्या. जाग येते त्या क्षणी डोळ्यांसमोर नेमके काय असते? पाणी असते की दार? मला स्वतःला पाण्याची भीती नव्हती. एकदा जहाज निघाले की मला वाटेल तेव्हा उतरता येणार नाही, या विचाराने माझा श्वास कोंडत असे, आणि मी मात्र सगळ्यांना ‘समुद्राची भीती वाटते’ असेच सांगत असे.

निळीरेघ
तुमचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. दारच असते. खोलीचे दार उघडते, पुढे लांबलचक बोळ असतो आणि तो संपतच नाही. हे इथे लिहिण्याची गरज आहे असे मला वाटले नव्हते, पण मी अनेक वर्षे लिफ्टने जात नाही, सहा मजले असले तरी जिनाच चढते, आणि नाट्यगृहात नेहमी रांगेच्या टोकाची खुर्ची मागून घेते. घरातल्यांना याची इतकी सवय झाली आहे की कोणी त्याबद्दल बोलत नाही. आईला सहलीची फार हौस होती, म्हणून मी हो म्हटले.

गलबतवाट
हे पहिल्याच निवेदनात आले असते तर आम्ही पाती आणि मजले यांवर भांडत बसलो नसतो. आता नीट सांगता येईल.

दीपस्तंभ
मग माझा अनुभव तुमच्या कामाचा आहे. माझीही खोली आतली होती. पहिल्या रात्री दिवा मालवला आणि असा काळोख झाला की डोळे मिटले आहेत की उघडे, हेच कळेना. त्यातच कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर आपटून टिणटिण वाजू लागले आणि मला वाटले, काहीतरी मोडते आहे. उठून दिवा लावला, हँगरांमध्ये एक टॉवेल कोंबला, न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून त्याचे दार बोटभर उघडे ठेवले आणि दूरचित्रवाणीवर नाळेवरच्या कॅमेऱ्याची वाहिनी आवाज बंद करून लावली. बऱ्याच जहाजांवर ती असते. रात्री पडदा काळाच दिसतो, पण पहाटे तो हळूहळू करडा होऊ लागला आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत मला उजाडल्याचे कळले. पुढचे सगळे दिवस तोच पडदा माझी खिडकी होता.

चढल्याबरोबर मी आणखी एक गोष्ट केली होती. खोलीपासून उघड्या डेकपर्यंत जिन्याने चालत गेले, पायऱ्या मोजल्या, परत आले आणि पुन्हा एकदा तीच वाट चालले. रात्री घुसमट झाली तेव्हा ‘एवढ्या पायऱ्या, मग आकाश’ हे मला पाठ होते. प्रत्यक्षात जावे लागले ते एकदाच.

आणि भीतीची लाट आली तर तिच्याशी झगडू नका. ती काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरते. शरीर तितक्या जोराने फार वेळ धडधडत राहू शकत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावा, मी चार आकड्यांत घेऊन सहा आकड्यांत सोडत असे. हे आज रात्रीपासूनच करून पाहा, जहाजावर पहिल्यांदा करायला जाऊ नका.

पाचवाफेरा
मला वाटते, अपघातांच्या सगळ्या कथा एकदा वाचून टाकाव्यात, म्हणजे मन घट्ट होते.

दीपस्तंभ
कृपया हे करू नका. रात्री दोन वाजता अपघातांची छायाचित्रे पाहून कोणाचेही मन घट्ट झालेले मी पाहिलेले नाही.

दर्यादिशा
कथा वाचू नयेत, नियम मात्र जरूर समजून घ्यावेत, कारण ‘अडकलो’ ही भावना पुष्कळदा अज्ञानातून येते. टायटॅनिक 1912 साली बुडाली तेव्हा तिच्यावर सर्वांना पुरतील इतक्या नावा नव्हत्या. त्यातूनच 1914 साली समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याचे 1974 सालचे रूप सुधारणांसह लागू आहे आणि त्यानुसार लांबच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या प्रवासी जहाजांवर नावा आणि तराफे मिळून जहाजावरील एकूण माणसांच्या सव्वापट जागा असावी लागते. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळले तेव्हा नुकतेच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत, म्हणजे आणीबाणीत काय करायचे याचा सराव, झालेलीच नव्हती. आधी ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. 2015 पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि शेवटी एक लांब भोंगा, हा आणीबाणीचा इशारा लक्षात ठेवा. तो कवायतीत वाजला तर दचकू नका.

दुसरे असे की जहाज म्हणजे बंद डबा नव्हे. त्यावर डॉक्टर आणि दवाखाना असतो, सातांतले बरेच दिवस ते बंदरात उभे असते, आणि एखाद्याची प्रकृती फारच बिघडली तर जहाज जवळच्या बंदराकडे वळवतात किंवा रुग्णाला हेलिकॉप्टरने नेण्याचीही सोय करता येते. हा खर्च मोठा असतो, म्हणून तशा हलवण्याचा समावेश असलेला प्रवास विमा अवश्य घ्या. तुमची खोली खाली आणि पुढे आहे, त्यामुळे पहाटे बंदराला लागताना फरशीखालून घरघर ऐकू येईल आणि पलंग थरथरेल. जहाज आडवे सरकवणारे पंखे किंवा नांगराची साखळी यांचा तो आवाज असतो. आधी माहीत असले की त्याची धास्ती वाटत नाही.

औषधपेटी
निळीरेघ, लिफ्ट टाळणे इतक्या वर्षांचे असेल आणि झोप उडाली असेल, तर आईंच्या नेत्रतज्ज्ञांकडे जाल तेव्हा स्वतःसाठीही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. नऊ दिवसांत सगळे सुटणार नाही, पण झोपेचे आणि अचानक होणाऱ्या घुसमटीचे काय करायचे हे ते नक्की सांगू शकतील. झोपेची गोळी कोणाकडून मागून घेऊ नका.

निळीरेघ
दोन्ही वेळा मिळाल्या आहेत, गुरुवारी आईची आणि शुक्रवारी माझी. पट्टी परत पाठवते आहे. श्वासाचे काल रात्री करून पाहिले. जाग आली, पण पुन्हा तासाभरात झोपही लागली. चौथ्या मजल्यावरून उघड्या डेकपर्यंत किती जिने आहेत, ते जहाजाच्या नकाशावर मोजले आहे. एकच शंका उरली आहे : मी जिन्याने जाईन, परंतु आईचे गुडघे दुखतात आणि तिला दोन मजल्यांपेक्षा जास्त चढवत नाही. हेही मी आधी लिहायला हवे होते. कवायतीच्या वेळी काय करायचे?

दर्यादिशा
हे आजच सहल-कंपनीला लेखी कळवा, कारण आणीबाणीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. जिना चढू न शकणाऱ्या प्रवाशांची नोंद करून त्यांच्या मदतीसाठी माणसे ठरवली जातात, पण त्यासाठी जहाजाला ते आधी माहीत असावे लागते. चढल्यावर कवायतीच्या ठिकाणी तिथल्या कर्मचाऱ्याला पुन्हा एकदा तोंडी सांगा, आणि आईंना न्यायला कोण येणार, हे तुम्ही दोघींनी समोरासमोर विचारून घ्या.

निळीरेघ
कळवते. पत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे.