जिन्यातला दिवा माणूस तिथे असतानाच विझतो

प्रश्न:
होम असिस्टंटवर (घरातले दिवे-उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) जिन्यासाठी साधं ऑटोमेशन केलंय. हालचाल दिसली की दिवा लाव, पाच मिनिटं डिले, मग बंद. मी एकटा चढून गेलो की झकास चालतं. काल आई वाळलेले कपडे आणायला वर-खाली करत होती, तर दुसऱ्या फेरीत ऐन मधल्या पायरीवर अंधार. "अरे, तुझा शहाणा दिवा झोपला!" अशी हाक आली. सेन्सरची बॅटरी नवी आहे. डिले दहा मिनिटं करून पाहिला, दिवा तेवढाच उशिरा विझला, बाकी फरक शून्य.

उत्तर १:
ऑटोमेशनचा मोड बघा, आधीची फेरी चालू असताना पुन्हा सुरू व्हायची वेळ आली तर काय करायचं ते त्यात ठरतं. मुद्दाम बदलला नसेल तर तो 'सिंगल' असणार. म्हणजे डिले चालू असताना दुसरी हालचाल झाली, तर तो ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारा इशारा) चक्क टाकून दिला जातो. पाच मिनिटं आईंच्या पहिल्या पावलापासूनच मोजली गेली. 'रीस्टार्ट' करा, प्रत्येक ट्रिगरला मोजणी पुन्हा शून्यापासून.

उत्तर २:
नुसत्या रीस्टार्टने अर्धंच काम होईल. ट्रिगर येतो तो सेन्सर ऑफचा ऑन होताना. सतत ये-जा असली की बरेच सेन्सर ऑनवरच राहतात, मग नवा ट्रिगर येणार कुठून? डिले आपला मुकाट्याने संपतो. मी डिले काढूनच टाकला. दोन ट्रिगर ठेवलेत: 'ऑन' झाला की दिवा लागतो, 'ऑफ' होऊन तीन मिनिटं तसाच राहिला की विझतो. ती तीन मिनिटं ट्रिगरच्याच 'फॉर' (किती वेळ तसंच राहिलं पाहिजे) या रकान्यात भरायची. मध्ये कुणी हललं तर मोजणी आपोआप रद्द.

उत्तर ३:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. डिले काय, 'फॉर' काय, सिस्टिम रीस्टार्ट झाली की चालू मोजणी गेली आणि दिवा रात्रभर जळत राहतो. ते टाळायचं तर टाइमर हेल्पर (होम असिस्टंटमधलंच वेगळं घड्याळ) बनवून त्यात 'रिस्टोअर' चालू करा, म्हणजे मोजणी लक्षात राहते. बंद काळात वेळ संपली असेल, तरी सिस्टिम परत सुरू झाल्यावर टाइमर 'फिनिश्ड' होतो, त्यावर दिवा बंद करायचा. जिन्यासाठी एवढं कशाला म्हणा, पण गीझरला माझ्याकडे हेच आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
दोन ट्रिगरवालं केलं. ट्रेस (ऑटोमेशन कसं चाललं त्याची नोंद) उघडून बघत आईला चार फेऱ्या मारायला लावल्या, दिवा मध्येच विझला नाही. मग मी स्वतः पायरीवर मोबाइल घेऊन निवांत बसलो, आणि विझला! माझ्या पीआयआर (शरीराची उष्णता टिपणाऱ्या) सेन्सरला हालचाल कळते, नुसतं बसलेलं माणूस कळत नाही, हे माहीत असूनही दचकलो. जिन्यात कोण बसतंय, म्हणून तिथे हाच राहू देतो. बाथरूमला मात्र एमएमवेव्ह सेन्सर (रडारवाला, स्थिर बसलेलं माणूसही ओळखणारा) घेणार.