सोसायटीच्या कार्यालयासाठी नवा लॅपटॉप : सभासदांची चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. कार्यालयातला २०१६ साली घेतलेला लॅपटॉप सोमवारपासून सुरू होत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, गेल्याचे सांगितले असून बोर्ड बदलण्याचा खर्च यंत्राच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होतो, त्यामुळे दुरुस्तीचा विचार कमिटीने सोडला आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, देखभाल शुल्काची बिले, सभांची इतिवृत्ते आणि फलकावर लावायच्या मराठी सूचना हे सारे त्याच यंत्रावर होते. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हावे लागते, तेव्हा खरेदी लांबवता येणार नाही. रविवारच्या कमिटी सभेपूर्वी जाणकारांनी आपले मत येथेच लिहावे.

बी ३०२ : बिले छापणे आणि पत्रे लिहिणे एवढेच काम असल्यास सर्वांत स्वस्त लॅपटॉप का घेऊ नये? पैसा सभासदांचा आहे. लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी काढलेले जुने लॅपटॉप नव्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात, तोही पर्याय सभेपुढे ठेवावा, अशी विनंती आहे.

ए ६०१ : काका, आपला काटकसरीचा आग्रह अगदी योग्य आहे, फक्त ती कोठे करावी आणि कोठे करू नये, एवढेच सांगतो. मी संगणकांचेच काम करतो म्हणून सविस्तर लिहीत आहे.

खरेदीआधी जुन्या यंत्रातली माहिती बाहेर काढू या. बोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असे नव्हे. मागचे झाकण उघडून डिस्क काढावी, काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. टॅलीचा डेटा एका फोल्डरमध्ये असतो आणि त्यात प्रत्येक कंपनीसाठी आकड्यांचेच नाव असलेले वेगळे फोल्डर असते. ते जसेच्या तसे उचलून दोन ठिकाणी ठेवले की हिशेब सुरक्षित झाले. मी हे शनिवारी कार्यालयात करून देईन, मात्र खजिनदार ताईंनी उपस्थित राहावे, कारण त्या फाइलींत सर्व सभासदांची माहिती आहे.

आता यंत्राविषयी. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा (गणना करणाऱ्या दोन भागांचा) प्रोसेसर आणि बोर्डावरच डकवलेले, डिस्कच्या जागी वापरलेले ईएमएमसी स्टोरेज असते. त्यावर टॅली उघडेल, पण सोबत ब्राउझर आणि बँकेचे पान उघडले की प्रत्येक व्हाउचरला, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीला, थांबावे लागेल. शिवाय आज बोर्ड गेल्यावर आपण डिस्क काढू शकत आहोत, ती सोय तेथे नाही. माझ्या मते डिस्क वेगळी काढता येणे ही आपल्यासाठी पहिली अट असावी. एम.२ प्रकारची, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी व काढता येणारी, एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला लॅपटॉप घ्यावा; ५१२ जीबी आपल्याला कितीतरी वर्षे पुरेल.

प्रोसेसरच्या नावावर जाऊ नये, आकडे वाचावेत. इंटेलचा आय३-१२१५यू नावाने लहान वाटतो, पण त्यात सहा कोअर आहेत आणि आपल्या कामाला तो भरपूर आहे. उलट एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू मधला '५' आणि '७' पाहून तो नवा व वरच्या दर्जाचा वाटतो. प्रत्यक्षात त्या आकड्यांतला तिसरा अंक २ आहे आणि तो झेन २ ही प्रोसेसरची जुनी रचना दाखवतो. ७५३०यू मध्ये तोच अंक ३ आहे, म्हणजे झेन ३. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) बोर्डावर कायमची डकवलेली असते, त्यामुळे ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच राहते.

रॅम १६ जीबी असलेली उत्तम. तथापि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, म्हणून ८ जीबी आणि रॅम बसवण्याचा एक रिकामा स्लॉट असलेला लॅपटॉप घेऊन पुढे गरज भासल्यास रॅम वाढवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. स्लॉट आहे की नाही हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक उपप्रकार बाजारात असतात.

जुना लॅपटॉप घेण्यास माझा तत्त्वतः विरोध नाही. कंपन्यांनी वापरलेले डेलचे लॅटिट्यूड किंवा लेनोव्होचे थिंकपॅड भक्कम असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. स्वस्तात मिळणारे पुष्कळसे लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. ज्या यंत्रावरून सोसायटीचे बँक खाते उघडले जाते, ते सुरक्षा सुधारणा बंद झालेल्या प्रणालीवर चालवणे मला मुळीच मान्य नाही.

ए १०३ : कार्यालयातले टेबल जागचे हलत नाही, मग डेस्कटॉप का नको? त्याचा कोणताही भाग सुटा बदलता येतो आणि त्याच पैशात अधिक क्षमता मिळते.

खजिनदार : आपले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु सर्वसाधारण सभेत सभासद हिशेबाविषयी प्रश्न विचारतात तेव्हा खातेवही तेथेच उघडून दाखवावी लागते, लेखापरीक्षकांकडे यंत्र न्यावे लागते, आणि वीज गेली तर डेस्कटॉपला यूपीएसचा वेगळा खर्च येतो. म्हणून लॅपटॉपच असावा. माझी एकच आग्रहाची विनंती आहे : पडदा १५.६ इंची असावा आणि कीबोर्डवर उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा गट असावा. वर्षअखेरीस दिवसभर रकमा भरताना वरच्या ओळीतले आकडे शोधत बसल्याने वेळ जातो आणि चुकाही होतात.

टॅलीच्या परवान्याकडेही लक्ष द्यावे लागेल. आपला परवाना एका वापरकर्त्याचा आहे. तो जुन्या यंत्राऐवजी नव्यावर सुरू करून घ्यावा लागेल. ज्या ईमेलवर तो नोंदलेला आहे, तो माजी सचिवांचा वैयक्तिक ईमेल आहे. त्यांच्याशी मी आज बोलून घेते.

ए ६०१ : ताईंनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली, आणि नव्या यंत्राला ती आणखी लागू पडते. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खाते मागते आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. ते खाते एखाद्या पदाधिकाऱ्याचे असले, नंतर निवडणुकीत कमिटी बदलली आणि कधी लॅपटॉप अडला, तर डिस्क हातात असूनही आतले काही वाचता येणार नाही. त्यामुळे सोसायटीच्या नावाने वेगळा ईमेल काढावा, खाते त्यावरच उघडावे आणि ती की कागदावर छापून कपाटातल्या दप्तरात ठेवावी. ही सूचना प्रोसेसरच्या सर्व चर्चेपेक्षा मी अधिक गंभीरपणे करीत आहे.

सी २०४ : सूचना टाइप करण्याचे काम माझ्याकडे असल्याने विचारते. जुन्या मराठी फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की त्यात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. नव्या लॅपटॉपवरही तसेच होईल का?

ए ६०१ : होय, ताई, कारण त्या फाइली युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहेत, तो फाँट नव्या यंत्रावर बसवला तरच अक्षरे नीट दिसतील. जुन्या डिस्कमधून फाँटची फाइल मी शनिवारीच काढून ठेवतो. यापुढचे लेखन मात्र युनिकोडमध्येच व्हावे. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळरचनेचा) कीबोर्ड आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा कीबोर्ड हे दोन्ही आधीपासून असतात, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ते फक्त जोडायचे असतात. पत्रव्यवहारासाठी लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, तेव्हा वेगळा ऑफिस परवाना घेण्याची गरज नाही.

सचिव : सर्वांचे मनापासून आभार. सभेपुढे मी पुढील प्रस्ताव ठेवीत आहे : आय३-१२१५यू किंवा त्याहून वरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम व एक रिकामा स्लॉट, काढता येणारी ५१२ जीबी एसएसडी, आकड्यांच्या कळांसह १५.६ इंची यंत्र आणि तंत्रज्ञ कार्यालयात येऊन दुरुस्ती करील अशी तीन वर्षांची वॉरंटी. सेवा केंद्रात नेऊन देण्याच्या वॉरंटीवर मी समाधानी नाही, कारण बिलांच्या आठवड्यात यंत्र दहा दिवस बाहेर राहणे आपल्याला परवडणारे नाही. तीन दरपत्रके १८ टक्के जीएसटी धरून मागवावीत आणि बिल सोसायटीच्याच नावाने असावे. ३०२ च्या काकांनी जुना लॅपटॉप सुचवला आहे, त्यासाठी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या, लेखी वॉरंटी असलेल्या लॅपटॉपचे दरपत्रक मिळाल्यास तेही सभेत विचारात घेऊ.

बी ३०२ : पिढीची अट मला पटली. तसे दरपत्रक मी शुक्रवारपर्यंत आणून देतो.

सचिव : बिघडलेला लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नये, ही सर्वांना विनंती, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल. त्यातली डिस्क मात्र लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत खजिनदारांच्या ताब्यात राहील.