‘शत्रूला पत्ते कशाला दाखवायचे?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मानेवाडा:
काल इथंच कामठीकरांनी लिहिलं, “राष्ट्रीय सुरक्षेचं धोरण छापा म्हणणारे शत्रूचं काम सोपं करतात. ज्यांना कळायचं त्यांना कळतं, बाकीच्यांनी विश्वास ठेवावा.” ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पत्ते कुणी मागत नाही. जानेवारी २००३ मध्ये आपणच अण्वस्त्र धोरणाचा गोषवारा जाहीर केला. पहिला वार आपण करणार नाही, पण आपल्यावर झाला तर उत्तर प्रचंड असेल. अस्त्रं कुठं ठेवली ते त्यात नव्हतं. समोरच्याला जेवढं कळायला हवं तेवढंच कळलं. पाकिस्ताननंही जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षा धोरणाचा एक भाग जाहीर केला आणि बाकीचा कुलपात ठेवला. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ पासून आहे, संरक्षण दलप्रमुख २०२० पासून आहेत. पण काय जपायचं आणि कशाच्या आधी काय, हे सांगणारा जाहीर कागद नाही.

कागद नसला की ‘सुरक्षा’ हा शब्द कुणीही कशावरही चिकटवतो. माझे बाबा एका दारूगोळा कारखान्यात भरणी विभागात होते. टीएनटी या स्फोटकानं त्यांचे तळहात पिवळे पडलेले, आई त्यांचा टॉवेल वेगळा धुवायची. एका स्फोटात त्यांचा उजवा कान गेला. धूळ ओढणारा पंखा महिनाभर बंद होता, असं सोबतचे सांगतात. माहिती अधिकारात चौकशी अहवाल मागितला, तर एका ओळीचं उत्तर आलं: कलम ८(१)(अ), देशाची सुरक्षा. पंखा बंद होता की चालू, हे मला कळल्यानं कोणता शत्रू चालून येणार होता?

कामठीकर:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण एका कचेरीच्या वागण्यावरून देशाचं धोरण ठरत नाही. १९७१ ला कोणता छापील कागद होता? ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, पावसाळा जाऊ दिला, आणि डिसेंबरात तेरा दिवसांत ढाका घेतलं. उलट अमेरिकेनं २००२ मध्ये धोरण छापलं आणि २००३ मध्ये इराकमध्ये घुसली. ज्या महासंहारक अस्त्रांच्या नावानं घुसली, ती सापडलीच नाहीत. कागदानं शहाणपण येत नसतं. बावीस वर्षं वर्दीत काढली आहेत मी. लक्ष्मणरेषा छापली की समोरचा तिच्या वीतभर अलीकडे येऊन बसतो.

उमरेडचा कास्तकार:
तुम्ही दोघंही बंदुकीचंच बोलून राहिले. खायचं तेल अर्ध्याहून जास्त बाहेरून येते, ते कोणत्या सुरक्षेत बसते? एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा डब्याचा भाव कुठं गेला होता, आठवा. १९८६ ला तेलबियांचं मिशन आलं होतं, नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास आपल्या पायावर उभा होता. ते आपणच मोडलं. मे २०२५ च्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० चं १० टक्के केलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, माझा माल चार हजारानं गेला. ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही डिसेंबरपर्यंत काढलं. आमची पोरं कास्तकारी सोडून राहिली, हे सीमेवर दिसत नाही म्हणून धोका नाही काय?

इतवारी किराणा:
भाऊ, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क शून्याचं २० केलं, तेव्हा तुम्हाला हमीभाव मिळाला? नाही ना. डबा मात्र महागला आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्के, बाकी सगळी ढेप. ढेपीला बाहेर उठाव नसला तर शुल्क कितीही लावा, भाव चढत नाही.

उमरेडचा कास्तकार:
ढेपीचं खरं आहे, मान्य. पण तुमचं गिऱ्हाईक तुमच्याशी भांडते, माझ्या दारात बँक येते. दोन्ही एका तराजूत तोलू नका. १९६५ नंतर अमेरिकेचे जॉन्सन गहू महिन्या-महिन्यानं मोजून सोडत होते, आणि आपण जहाजाची वाट पाहत होतो. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा लाल गव्हाच्या पोळीचं.

इतवारी किराणा:
माझ्याच घरी खाल्ल्या त्या पोळ्या. तुम्हालाच भूक ठाऊक आहे असं बोलू नका.

कामठीकर:
धागा तेलाच्या डब्यात बुडाला. भाऊ, तुमचं दुःख खोटं नाही, पण सगळ्यालाच सुरक्षा म्हटलं तर काय होते ते बघा. २०१८ मध्ये अमेरिकेनं कॅनडाच्या पोलादावर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानं २५ टक्के शुल्क लावलं. कॅनडा! ज्यांच्यासोबत ते खांद्याला खांदा लावून लढले. शब्द एवढा ताणला की खऱ्या धोक्याच्या वेळी त्याला धार उरत नाही.

मानेवाडा:
मग तो कुठवर ताणायचा हे ठरवणार कोण? तेल त्यात येते की नाही, हे संसदेत भांडून ठरू द्या. येत नसेल तर तसं लिहा, म्हणजे कास्तकार भाऊंना निदान कोणाशी भांडायचं ते कळेल. आणि “विश्वास ठेवा” हे मला सांगू नका. बाबांनी तेहतीस वर्षं विश्वास ठेवला. घरात कारखान्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही, आईजवळसुद्धा नाही. त्या माणसाला स्वतःच्या कानाचा अहवाल वाचता येत नाही.

कामठीकर:
तो अहवाल त्यांना मिळायला हवा होता. हे मी मानतो. असं उत्तर देणाऱ्यानं सुरक्षेचं नाव स्वतःची चूक झाकायला वापरलं.

नव्यानं अर्ज करा. साठा, क्षमता, यंत्रं यातलं काही मागू नका. पंख्याच्या देखभालीच्या नोंदी आणि चौकशीचे निष्कर्ष, एवढंच. कलम १० चा उल्लेख ठेवा. गोपनीय भाग वगळून बाकीचं द्यावं, अशी त्यात तरतूद आहे.

मानेवाडा:
काका, गोपनीय तेवढं वगळा आणि बाकीचं द्या. देशाच्या धोरणाबद्दल मी आणखी काय मागत होते?

कामठीकर:
अर्ज आणि देशाचं धोरण एक नाही. माझं मत बदललेलं नाही. मसुदा आज रात्री पाठवा, बघून देतो.