अनुभव धागा : ऑनलाइन गटातली माणसे आपली कधी वाटू लागली?

मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात आता १०२४ जणांना सामावून घेता येते. तरीही बहुतेक गटांत बोलणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतात. आपला गट कशामुळे जमला, टिकला किंवा विस्कटला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

द्राक्ष बागायतदार, तासगाव :
आमचा गट ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर जागा होतो, तो माल संपेपर्यंत. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटू लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत कधीही पाऊस झाला, की पहाटेच पानांचे फोटो येऊ लागतात. पूर्वी नुसता फोटो टाकून 'काय मारू?' असे विचारले जाई आणि दहा जण दहा औषधे सांगत. मग एका जुन्या बागायतदाराने शिस्त लावली : पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वाण, छाटणीची तारीख आणि आधीच्या फवारण्या लिहिल्याशिवाय कोणी उत्तर द्यायचे नाही. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा तेलकट पिवळा डाग वरून दिसतो, पण खात्री पटते ती पानामागच्या पांढऱ्या बुरशीवरून. म्हणून ही अट सर्वांनी मनापासून पाळली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा झळ बसलेली माणसेही गटात आहेत आणि काढणी जवळ आली असताना घाईने औषध सुचवणाऱ्याला तीच आधी थांबवतात. मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की लोक आता फसलेली फवारणीही लिहितात. बाग बिघडल्याचे शेतकरी चारचौघांत सहसा बोलत नाही, कारण ते कानावर गेले की व्यापारी दर पाडतो. तरीही इथे ते सांगितले जाते, आणि कोणी पैसे थकवले तर तेही.

गटप्रमुख, नागपूर :
दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी आपल्यालाच पकडतील, या भीतीने आमच्याकडे कोणी अ‍ॅडमिन व्हायला तयार नव्हते. निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, तेव्हा कुठे तिघे पुढे आले.

दुर्गभ्रमंती करणारा, ठाणे :
आमची ओळख ऑर्कुट या समाजमाध्यमावरची. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. राजगडावर पद्मावती माचीवर ज्यांच्यासोबत मुक्काम केला होता, ते सगळे आजही संपर्कात आहेत. ज्यांच्याशी केवळ लिहून गप्पा होत, त्यांची तर खरी नावेही ठाऊक नव्हती, त्यामुळे शोधणार तरी कसे? त्यांतल्या काहींचा किल्ल्यांचा व्यासंग आमच्याहून फार मोठा होता, याची हळहळ वाटते.

सोसायटीतील रहिवासी, पुणे :
तासगावच्या दादांचे लिहिणे वाचून आमच्या गटाचे कुठे चुकले, ते ध्यानात आले. पार्किंगवरून वाद वाढले, तेव्हा समितीने फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था केली. वाद थांबले खरे, पण टँकर आला का, वरच्या मजल्यावरच्या आजींसोबत दवाखान्यात कोण जाईल, हे विचारायलाही जागा उरली नाही. अखेर चार महिलांनी वेगळा गट काढला आणि तक्रारीचा विषय निघाला, की दोघांनी समोरासमोर बसून बोलावे, असे ठरवले. आजींना डायलिसिसला नेण्याच्या पाळ्या आता त्याच गटात लागतात.