मदत हवी आहे: मुलीला स्वतःच्या भावना ओळखायला कसं शिकवू?

नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. काही बिनसलं की तिचं ठरलेलं उत्तर, "मला कसंतरी होतंय." परवा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पोट दुखतंय म्हणून आडवी झाली. तासाभराने कळलं, मधल्या सुट्टीत जिवलग मैत्रीण दुसऱ्याच मुलीबरोबर खेळत होती. राग आला का, असं विचारलं तर म्हणाली, "राग नाही... पण रागासारखंच."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. फरक तिला जाणवतोय, शब्द सापडत नाहीये. एकाच वेळी दोन उलट भावना असू शकतात, ही समज मुलांना साधारण १० वर्षांच्या आसपास पक्की होते असं वाचलंय. म्हणून घाई नको, हे पटतं.

पण मी शब्द सुचवावा का? "तुला एकटं वाटलं का?" म्हटलं की ती लगेच "हो" म्हणते. ते खरंच तसं असतं, की माझे प्रश्न थांबावेत म्हणून, तेच कळत नाही. आणि हे पोटदुखणं वारंवार व्हायला लागलंय. डॉक्टरांनी तपासलंय, शारीरिक काही नाही. समुपदेशकांकडे न्यावं का? तुमच्या मुलांच्या बाबतीत काय उपयोगी पडलं, कृपया सविस्तर सांगा.