बेडकाची अंडी घरी आणून वाढवणं: संवर्धन की हौस?

यवतेश्वरकर: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. चाळकेवाडी पठारावरच्या डबक्यातली बेडकाची अंडी बादलीतून साताऱ्यात आणली, टबात वाढवणार आणि कास तलावात सोडणार म्हणे. वर लाइकांचा पाऊस! अहो, जात कुठली ते तरी पाहिलंत? कोयना टोड हा भेक (बेडकाचा भाऊबंद) आपल्याच घाटात सापडतो, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे. इथलं पाणी तिथं ओतलं की रोग घरपोच. हजारो अंड्यांतून चार जगतात, बाकीच्यांवर चतुराच्या अळ्या नि पाणसाप पोसतात. ते काय उपाशी मरू देत?

माणगंगा: फोटो नीट बघा. डबकं जीपच्या चाकोरीतलं आहे. उघडीप पडली की सगळं वाळून जाणार. मी आटपाडीत ओढ्यातली अंडी वाढवलीत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, क्लोरीन जातो. उकडलेला पालक थोडाच घालायचा, नाहीतर पाणी नासतं. पुढचे पाय फुटले की तिरपा दगड ठेवायचा. शेपूट जिरताना पिल्लू हवेत श्वास घ्यायला लागतं, चढायला जागा नसेल तर बुडून मरतं.

यवतेश्वरकर: हे कळेपर्यंत किती बुडवलीत?

माणगंगा: तुमच्या लेक्चरनं वाचली त्यापेक्षा कमीच.

शिराळकर: मज्जा आहे! आमच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या मिरवणुकीसाठी जिवंत नाग धरला की गुन्हा. साताऱ्यात अंडी उचलली की निसर्गप्रेमी! १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा फक्त आम्हालाच का?

माणगंगा: मिरवणूक आणि जीव वाचवणं एकच का?

शिराळकर: आजोबा ज्या बांधावर नाग धरायचे तिथंच सोडायचे. इजा म्हणून नाही.

कृष्णाकाठ: नागाला विचारलं होतं का? मडक्यात कोंडायचा, गर्दीत फणा काढायला लावायचा, आणि इजा नाही!

शिराळकर: उसात तणनाशक मारणाऱ्यांनी प्राणीप्रेम शिकवू नये.

कृष्णाकाठ: माझा ऊस मध्ये कशाला?

यवतेश्वरकर: धागा बेडकांचा आहे हो! माणगंगा, वाढवून त्याच ओढ्यात सोडलीत ना? मग तुमच्यापुरता अर्धा आक्षेप मागे. कास तलावाचा मात्र नाही. ते पाणी सातारकर पितात.

शिराळकर: मग आमच्या नागाचाही अर्धा मागे घ्या.