पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा, आणि आता

कोकणात नट बघायची सवय सिनेमा यायच्या कितीतरी आधीपासून आहे. जत्रेत मध्यरात्री तलवार परजत आलेला राक्षस सकाळी कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत बसलेला असतो, आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाही. पडद्यावरच्या खलनायकाला मात्र हीच माणसं वर्षानुवर्षं शिव्या घालतात. दशावतारी, म्हणजे जत्रेत दशावतार हे लोकनाट्य करणारा नट, आपल्याला रंग उतरल्यावरही दिसतो, सिनेमातला नट तसा कधी दिसत नाही, म्हणून पहिल्या कामाचा रंगच त्याच्या अंगाला चिकटून राहतो, असं मला वाटतं.

तर लिहा. कुठला नट, कुठली नटी, पहिल्यांदा कशात पाहिली, तेव्हा काय वाटलं आणि आज त्या मताचं काय झालं? नुसतं 'आवडतो' किंवा 'आवडत नाही' नको, कामाबद्दल लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या देवगडच्या घरी दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट म्हणजे आख्खी वाडी खळ्यात, आणि एक जण कौलांवर चढून अँटेना धरून. निळू फुले दिसले की आजी पदर सावरून बसायची. "ह्या मेल्याक अंगणात पाय ठेवूक देव नकात," असं खरोखर बजावायची. माझ्याही डोक्यात ते तसेच बसले. कॉलेजात 'सिंहासन' (1979) पाहिला. त्यात ते दिगू टिपणीस, पत्रकार. सगळ्यांचं राजकारण बघत फिरणारा, आतून पोखरला जाणारा माणूस. शेवटी तो हसत सुटतो ना, ते हसणं ऐकून मला रडू आलं. पुढे कळलं की हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला. मग 'सामना' (1975) पुन्हा पाहिला. हिंदुरावाचा माज अजूनही अंगावर येतो, पण आता त्यामागचा डोळा दिसतो. गावोगावचे असे पाटील त्याने किती बारकाईने न्याहाळले असतील!

रत्नागिरी :
लक्ष्मीकांत बेर्डे. गणपतीत मुंबईहून चाकरमानी व्हिडिओ आणायचे, त्यावर 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी' इतक्या वेळा पाहिले की संवाद आरतीइतकेच पाठ. मत पक्कं झालं : हा माणूस हसवण्यासाठीच जन्मला. 'एक होता विदूषक' (1992) आला तेव्हा आमच्या घरी सगळे वैतागले, यात लक्ष्या हसवत का नाही म्हणून. सिनेमा तेव्हा चाललाही नाही. अलीकडे पुन्हा पाहिला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, संवाद पुलंचे. लोकांना हसवता हसवता सत्तेच्या दारात जाऊन बसलेला तो आबुराव बेर्डेंनी किती संयमाने उभा केलाय! 2004 मध्ये ते गेले, पन्नाशीच्या आसपासचं वय. अशी कामं त्यांच्याकडे आणखी यायला हवी होती, आणि ती आली नाहीत त्याला आम्ही प्रेक्षकही कारण आहोत असं मी मानतो. आम्हाला फक्त लक्ष्या हवा होता.

मुरुड :
नाना पाटेकर आमच्या मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेले, त्यामुळे गावात त्यांच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडणार नाही. मी पहिल्यांदा पाहिला तो 'परिंदा'तला अण्णा. भीती वाटली. नंतर 'नटसम्राट'पर्यंत बरंच पाहिलं आणि माझं मत तसंच आहे : हा नट शांत बसलेला असताना सगळ्यात धोकादायक वाटतो.

पनवेल :
वरच्यांसारखं माझं मत उलटंपालटं झालेलं नाही, ते खोल गेलं. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. आई सांगते, बातम्या कोणत्या ते आठवत नाही, तो चेहरा आठवतो. मी त्यांना पाहिलं ते 'जैत रे जैत'मध्ये (1977), चिंधीच्या कामात. आमच्याकडे बाजाराला ठाकर बायका डोक्यावर पाट्या घेऊन येतात, त्यांची मान, चाल, थेट नजर मी लहानपणापासून पाहिलेली. सिनेमातल्या 'आदिवासी' नट्यांमध्ये मला ती कधी दिसली नव्हती, इथे दिसली. पुढे 'उंबरठा'मधली सुलभा महाजन पाहिली तेव्हा वय लहान होतं, घर सोडून जाते म्हणून राग आला होता. आता माझी मुलगी नोकरीसाठी परगावी आहे. सुलभा घरी परत येते आणि घरात तिची जागा उरलेली नसते, तो भाग मला आता सलग बघवत नाही.

गुहागर :
नाव लिहीत नाही, कारण तो एकटाच तसा नव्हता. शाळेत असताना ज्या हिरोचे फोटो वहीत चिकटवायचो, त्याचे सिनेमे परवा मुलीबरोबर बघायला बसलो. नायिका नको म्हणते, हा तिचा पिच्छा पुरवतो, आणि गाणं सुरू होतं. मुलगी उठून गेली. मीही बंद केलं. हे मत गेलं ते परत यायचं नाही.

कुडाळ :
आमच्या बाजूला आकेरीत 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग व्हायचं. सिनेमा नव्हे, मालिका, तरी लिहितो. वाडा बघायला गाड्यांची रीघ लागायची आणि येणारा विचारायचा, "अण्णा नाईक खंय रवता?" माधव अभ्यंकर नाही, अण्णा नाईक! धागाकर्तीने म्हटलेला तो चिकटलेला रंग आम्ही डोळ्यांनी पाहिलाय.

मालवण :
माझा नट दिलीप प्रभावळकर, आणि पहिली ओळख 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूची. मृत्युंजय मंत्राला आम्ही पोरं रात्री पांघरुणातही घाबरायचो. मग 'चौकट राजा'तला नंदू पाहिला आणि हाच तो माणूस हे मानायला मन तयार होईना. 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये तर गांधीजी. 2025 मध्ये 'दशावतार' आला, त्यात म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री. आमच्या घरात दशावतार आहे, काकांनी आयुष्यभर स्त्रीपार्ट केला, त्यामुळे मी दोष काढायच्या तयारीनेच गेलो होतो. पण वय झालेल्या दशावतारी माणसाला रंगाची पेटी उघडताना जे होतं, ते त्यांच्या हातांत होतं. काका थेटरातून बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्यो आमचोच."

देवगड, पुन्हा मी :
मालवणकर, तुमच्या काकांना विचारून आणखी लिहा, स्त्रीपार्ट करणाऱ्याला सिनेमातल्या नट्यांची कामं कशी दिसतात ते मला फार ऐकायचंय. आणि 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकात मच्छिंद्र कांबळींना रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का इथे? मी फक्त व्हिडिओवर पाहिलंय. समोर बसून बघताना पहिल्या पाच मिनिटांत काय वाटलं, तेवढं तरी लिहा.